सांभाळली नाही, विझवली

देवानंद,

तू गेल्यावर फायर स्टेशनवाल्यायनं तुयासाठी सायरन वाजवला, अन् आमी आग लागली म्हणून धावत आलो. इथूनच सुरू करतो, कारण तेव्हापासून माया डोस्क्यात तोच सायरन वाजून राह्यला.

बाकीचे लोक तुयाविषयी चांगलं लिहितील. नोकरीले कधी लागला, स्वभाव कसा मनमिळाऊ. मनमिळाऊ! तू अन् मी कसे भांडत होतो ते त्यायले कुठं माहीत? मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. अक्षर माझं तुराट्यायच्या कुंपणासारखं, एक इकडे झुकलेलं, एक तिकडे. पण आपलं भांडण अर्धं राह्यलं, अन् अर्धं भांडण घेऊन बसायची मले सवय नाही. म्हणून लिहितो.

त्या सकाळी मी बैलायले पाणी पाजून राह्यलो होतो. वाऱ्यावर सायरन आला. म्हातारी घरातून ओरडली, "अहो, सायरन होय न तो?" मी बादली तिथंच टाकली. मंग तू शिकवलं तसंच सगळं झालं. भरलेला टँकर ट्रॅक्टरले जोडला, पोट्ट्यायनं फवारणीचे पंप पाठीवर घेतले, पोते हौदात बुचकळून ट्रॉलीत टाकले. आग कुठं लागली ते इचारायले मी फोन लावला. सवयीनं तुयाच लावला. घंटी गेली. दुसऱ्यांदा लावला. पुन्हा घंटी गेली. तेव्हा ध्यानात आलं, की तुया मातीले तर मीच उभा होतो.

तुया ड्रायव्हर रफीकले लावला, तोही उचलेना. म्हणून आमी सरळ तालुक्याले, फायर स्टेशनवर आलो. तिथं मंडप. खुर्च्या. टेबलावर तुया फोटो, फोटोले हार. सायरन दुसऱ्यांदा वाजून थांबलेला अन् सगळे जण माना खाली घालून उभे. त्या शांततेत मी ट्रॅक्टरवरून उडी मारली अन् ओरडलो, "कुठं लागली रे?"

स्टेशनच्या साहेबानं मान वर केली. आमी असे उभे, बनियन ओले, पोत्यायचं पाणी त्यायच्या सतरंजीवर टपकून राह्यलं.

"कोण आहेत हे लोक? कोणी बोलावलं यांना?"

मंग रफीक, कडक वर्दीत, डोळे लाल, तो म्हणाला, "सायरननं बोलावलं, सर."

"सायरन श्रद्धांजलीचा होता."

मी म्हणलो, "सायरनले एकच बोली येते, साहेब. तो 'या' म्हणते, आमी येतो."

मांगच्या खुर्च्यायवर कोणी तरी हसलं. साहेब हसला नाही. आमाले मंडपाच्या बाहेर, गाडीच्या बाजूले उभं केलं. भाषणं तिथून ऐकली. साहेबानं तुयासोबत काम केलेल्यायचे नावं घेतले. स्टेशनच्या मांगच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या प्रत्येक फायरमनचं घेतलं. टाकीत पाणी भरणाऱ्याचंही घेतलं. घ्यावं, चांगला माणूस आहे तो. पण एका गावाचं नाव नाही घेतलं, देवानंद. एकाही गावाचं. मी कान देऊन ऐकलं.

सभा सुटल्यावर साहेबानं मले बोलावलं. म्हणे, "हे गावदल वगैरे आता बंद. तसं अधिकृत काही नव्हतंच. देवानंदनं स्वतःच्या मनानं चालवलं होतं. कोणी भाजलं, मेलं, तर जबाबदारी कोणाची? पुढे सायरन वाजला तर गर्दी करू नका."

गर्दी. इतके उन्हाळे आमी तुयासोबत धूर गिळला, अन् आमी गर्दी.

मी म्हणलो, "आता माया गावचा एक बी माणूस सायरनवर येणार नाही. लिहून घ्या." अन् ट्रॅक्टर फिरवला. रफीक ट्रॅक्टरमांगं पळत आला, "चाचा, रुको तो." मी थांबलो नाही.

आता तू म्हणशील, काकाजी, तुमी रागात बोलले. हो, रागातच बोललो. मी काय थंड डोस्क्यानं बोलायले तुयासारखा नोकरदार हाओ?

तुले आठवते, तू पहिल्यांदा गाडी घेऊन आला तो दिवस? माया शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या गंजीले आग लागली होती. रस्ता चिखलाचा, बंब फसला. आमी म्हातारे बंबच म्हणतो, तू गाडी म्हणे. आमी ट्रॅक्टर लावून तो काढला. आता गंजीपर्यंत जायचं तर एकच वाट होती, माया उभ्या कपाशीतून. बोंडं फुटलेली, वावर पांढरंशुभ्र. अन् तू बांधावर गाडी थांबवली. खाली उतरला. टोपी काढली अन् मले इचारलं, "काकाजी, वावर तुमचं हाय काय? गाडी घालू का?"

तिकडे गंजी जळून राह्यली अन् हा बाप्या टोपी काढून इचारून राह्यला!

"इचारत काय बसला बे? घाल न!"

तू घातली. माया कपाशीचे दोन तास, दोन अख्ख्या ओळी, पार चोळामोळा झाले. गंजी अर्धी वाचली. मी त्या दिवसापासून तुले शिव्या देत आलो. कधी इचारलं म्हणून दिल्या, कधी कपाशी तुडवली म्हणून दिल्या. तू एकदा वैतागून म्हणला, "काकाजी, एक कायतरी पकडा. इचारलं म्हणून राग हाय का तुडवलं म्हणून?" मी म्हणलो, "इचारलं म्हणून राग. अन् न इचारता घातली असती तर तुले तिथंच पुरला असता." तू किती हसला. रफीकनं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं होतं हसता हसता.

मंग तू गावोगाव फिरला. आमच्या पारावर आला. म्हणला, "गाडी एक अन् गावं इतके. मी येईपर्यंत सगळं जळून जाते. तुमी माया हात व्हा." तुले वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. लोकायनं इचारलं, पगार किती? तू म्हणला, काही नाही. अर्धे उठून गेले. मी बसून राह्यलो. मले काही समाजसेवा नव्हती करायची. मले पाहायचं होतं, की हा टोपीवाला आणखी काय बोलते.

तवा तू तो शब्द काढला. "गाडी येईपर्यंत आग सांभाळा."

"काय करा म्हणते?"

"सांभाळा. विझवायले जाऊ नका. तिले पसरू देऊ नका. बाकीचं आमी पाहू."

मी म्हणलो, "आग काय माही म्हातारी हाय का सांभाळायले?"

मांगून म्हातारीच बोलली, पाणी भरायले आली होती ती. "मले तरी कधी सांभाळलं यायनं?" सगळा पार हसला. त्या हसण्यात गावदल झालं, देवानंद. नाही तर झालं नसतं.

पण तो शब्द मले तेव्हाच टोचला होता. अन् तोच शेवटपर्यंत आपल्यामंदी राह्यला.

तुया जागी दुसरा कोणी असता तर पळाला असता. एकीकडे तुये क्वार्टरवाले, बुटं घातलेले, शिट्टीवर चालणारे. दुसरीकडे आमी, कोणाचं न ऐकणारे. पाईप आला की आमच्या साऱ्या माणसायले तो धरायचा असे. पाईप धरणं म्हणजे मान. दहा जण एकामांगं एक, जसं काही देवाचा रथ ओढून राह्यले. त्यात पाचवा पाईपवरच उभा. पाणी येईना अन् आमी क्वार्टरवाल्यायले शिव्या देत होतो, की तुमची मशीन खराब. तू आला, त्या पाचव्याचा पाय उचलून बाजूले ठेवला अन् म्हणला, "दादा, हा पाईप हाय, चटई नाही." ते क्वार्टरवाले आमाले अडाणी म्हणत. आमी त्यायले बाहुले म्हणत होतो. तू दोघायच्या मधात. त्यायले सांगे, "वाट त्यायले माहीत हाय, त्यायच्या मांगं चाला." आमाले सांगे, "मशीन त्यायले माहीत हाय, त्यायले हात लावू द्या." प्रत्येक फाट्यावर एक माणूस लाल दुपट्टा घेऊन उभा ठेवायचा, हे तुयाच डोस्कं. गाडी दुपट्टा पाहून वळे. रफीक म्हणे, "चाचा, दुपट्टा दिसला की वाटते घरचंच कोणी घ्यायले आलं."

सगळं मान्य. पण पेपरात काय येई? 'अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली.' प्रत्येक वेळी. आमी भुवया जाळून घेऊ, अन् गाडी येऊन राखेवर पाणी मारी, अन् पेपरात तुमी. मी तुले म्हणलो होतो, "आग आमी विझवली. तुमी फक्त ओली केली." तू हसून म्हणे, "गावानं सांभाळली, काकाजी." कोणीही इचारलं तरी तेच. साहेबापुढं तेच, पेपरवाल्यापुढं तेच. गावानं सांभाळली. जसं काही आमी आगीले मांडीवर घेऊन बसलो होतो.

मंग माया हात भाजला. गोठ्यातली म्हैस सोडायले गेलो अन् वरून तुराट्यायचं छप्पर आलं. ऑफिसात तुले बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, हात पट्टीत. आतलं सारं ऐकू येत होतं.

"हा माणूस आग विझवत होता? कोणाच्या आदेशानं?"

"विझवत नव्हते, सर. गाडी येईपर्यंत सांभाळत होते."

तू बाहेर आला अन् म्हणला, चाला, चहा घेऊ. मी म्हणलो, "खोटं बोलला तू."

"हो."

"काहून?"

"विझवली म्हणलो असतो, तर गावदल त्याच घडीले बंद झालं असतं. सांभाळली म्हणलो, म्हणून उद्या बी तुमाले येता येईल."

"अन् आमी केलं ते?"

"ते मले माहीत हाय न, काकाजी."

मी चहा तसाच ठेवून उठलो. मले समजलं नव्हतं असं नाही. मी अडाणी आहो, बेअक्कल नाही. तू आमाले त्या शब्दामांगं लपवून ठेवत होता, हे मले त्याच वेळी समजलं. पण समजलं म्हणून राग जाते का? एकदा, फक्त एकदा, चार लोकायत म्हणायचं होतं, की आग गावानं विझवली. मंग भलेही दुसऱ्या दिवशी गावदल बंद झालं असतं. आता झालंच न बंद? मंग काय कमावलं तू त्या सांभाळण्यानं?

यवतमाळच्या दवाखान्यात तुले पाहायले आलतो. तोंडाले हवा लावलेली. छाती अशी वर-खाली, जसा लोहाराचा भाता. मी इचारलं, कसा हायेस? तू तोंडावरचं बाजूले केलं अन् म्हणला, "सांभाळून राह्यलो, काकाजी. गाडी येईपर्यंत."

तिथंही तोच शब्द. मी तिथंही तुयाशी भांडलो. नर्सबाईनं मले बाहेर काढलं. लोक म्हणतात मरणाऱ्याशी भांडू नये. मी तोंडावर भांडलो. मंडपात उभं राहून माना खाली घालणाऱ्यापेक्षा ते बरं. अन् तुले बरं वाटत होतं मी भांडलो की, हे मले माहीत आहे. तुया चेहरा उजळत होता.

पुण्यानुमोदनाले तुया घरी आलो. वंदना झाली, जेवणं झाली. तुयी बायको, सुजाता, वाढता वाढता माया पानासमोर थांबली. म्हणाली, "काकाजी, आगीवरून आले की हे घरात पाय ठेवता ठेवता सांगत. आज काकाजीनं विझवली, आमी नुसते गेलो अन् आलो. अंघोळ करता करता बी तेच. मी म्हणायची, मंग त्यायले सांगा न. तर म्हणत, त्यायले सांगितलं तर ते भांडायचे थांबतील."

मी घास पानात ठेवला. तिनं पाणी दिलं. तिले वाटलं मले रडू येऊन राह्यलं. रडू नव्हतं, राग होता. घरात म्हणला तू. न्हाणीत म्हणला. बादलीले सांगितलं, साबणाले सांगितलं. अगा, मले तिथं कायले पाहिजे होतं ते? मले चौकात पाहिजे होतं! सुजाताबाईले मी काही बोललो नाही. भाजी चांगली झाली म्हणलो. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या माउलीचा काय दोष.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्याच्यासाठी लिहायले बसलो.

परवा एका तांड्यावर कडब्याले आग लागली. कोणत्या तांड्यावर ते लिहीत नाही, उद्या हा कागद ऑफिसवाल्यायच्या हाती लागला तर? मी वावरात होतो. धूर दिसला. सायरन वाजायचाच होता अजून. म्हातारी म्हणाली, "जाऊ नका, तुमी साहेबाले काय सांगून आले?"

मी म्हणलो, "मी सायरनवर येणार नाही म्हणलो होतो. धुरावर जाणार नाही असं कुठं म्हणलो?"

"हो, वकीलच न तुमी," म्हणाली, अन् पोते ओले करायले लागली.

मी गेलो तर माया मांगं ट्रॅक्टर. मी कोणाले बोलावलं नव्हतं. कडब्याच्या चार गंज्या, त्यातली एक पेटलेली, वारा बाकीच्या गंज्यायकडे. आमी दाताळ्यानं पेटलेली गंजी ओढून मोकळी केली, बाकीच्यायवर ओले पोते घातले, टँकर रिकामा केला. तांड्यावरच्या बाया घागरी घेऊन. कोणी पाईपवर उभं राह्यलं नाही, कारण पाईपच नव्हता. तुयी शिट्टी नव्हती. पण सगळे तुया शिट्टीवर चालल्यासारखे चालत होते, अन् तेच मले सहन होत नव्हतं.

गाडी लई उशिरा आली. फाट्यावर दुपट्टा घेऊन कोणी उभं नव्हतं न. मीच बंद करून आलो होतो ते. रफीक पार आर्णीच्या रस्त्याले लागला होता, तिथून वापस फिरला. आला तेव्हा आमी राख चाळून राह्यलो होतो. तो उतरला. राखेत हात घातला. थंड. माया तोंडाकडे पाहिलं. क्वार्टरवाले मांगं उभे, पाईप हातात, मारायले काही नाही.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "साहब पूछेंगे. गाडी लेट झाली, अन् गावचे लोक इथं कसे, हे बी इचारतील. मी काय सांगू?"

देवानंद, सारे लोक उभे होते. माझं गाव, तांडा, क्वार्टरवाले, बाया, म्हातारे. चौकच होता तो. जो मी तुयापाशी इतके वर्ष मागत होतो, तो चौक. अन् बोलायचं मलेच होतं. एक शब्द. विझवली.

मी रफीककडे पाहिलं. वर्दी तीच कडक, पण खांदे पडलेले. त्याले दोन लेकरं आहेत. अन् मले दिसलं, मी विझवली म्हणलो तर बंद केलेलं गावदल चालू ठेवल्याचा ठपका यालेच लागंल, अन् याची गाडी पुन्हा इकडे वळणार नाही. तो वळवायचा म्हणला तरी वळू देणार नाहीत.

"सांग त्यायले," मी म्हणलो, "लोक आपापलं सांभाळत होते. गाडी येईपर्यंत. आपलं सांभाळायले तर कोणाचा हुकूम लागत नाही न?"

रफीकनं माया पायाले हात लावला. मी पाय मांगं घेतला. मांगून कोणी तरी म्हणलं, "काकाजी, तुमीच असं म्हणता?" मी त्याले शिवी दिली. मंग लाल दुपट्टा गळ्यातून काढला अन् त्याच्याच हातात कोंबला. "उद्यापासून फाट्यावर तू."

तर झालं. तू जिंकला. जिता असता तर मी हरलो नसतो, हे ध्यानात ठेव. मेल्यावर जिंकला, अन् ते बी माया तोंडून. अशी बेइमानी कोणी करते का, अगा?

पण रफीकले सांगितलं ते साहेबासाठी. तुले खरं सांगतो. वारा सुसाट होता, गंजी कोरडी ठक्क होती, अन् तुयी गाडी आर्णीच्या रस्त्याले होती.

विझवली, देवानंद. आमी विझवली.